घाटात तयार झालेल्या पायांसाठी नॉर्थ यॉर्क मूर्स

पसरणी घाट वाईपासून पाचगणीपर्यंत साधारण बारा किलोमीटरांत साडेपाचशे मीटर चढतो. सरासरी काढली तर चढ पाच टक्क्यांच्या आत-बाहेर. वळणं घेत, एका लयीत, तासभर चढत राहायचं. माझं माहेर वाईचं, त्यामुळे चढ म्हटलं की माझ्या पायांना हीच लय ठाऊक होती. लग्नानंतर इंग्लंडच्या उत्तरेला यॉर्कमध्ये आले आणि नॉर्थ यॉर्क मूर्समध्ये, म्हणजे तिथल्या उंच उघड्या माळरानात, सायकल काढायला लागले, तेव्हा दुसऱ्याच प्रकारच्या रस्त्यांशी गाठ पडली. इथला चढ जेमतेम दीड-दोन किलोमीटरचा. पण त्यात वीस-पंचवीस टक्क्यांचे तुकडे येतात, एक-दोन ठिकाणी तर तेहतीस टक्क्यांचे. आणि तो चढून झाला की रस्ता पुन्हा खाली दरीत उतरतो आणि पलीकडे नवा चढ उभा असतो.

पुण्या-मुंबईहून नोकरीला किंवा शिकायला इकडे आलेले सायकलवाले भेटतात. दोनशेची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची दोनशे किलोमीटरची राइड, साडेतेरा तासांच्या आत बसवलेली असते, तेव्हा सत्तर किलोमीटरचा रूट ऐकून त्यांना तो सकाळच्या फेरीसारखा वाटतो. त्यांच्या दमात काही कमी नसतं. कमी पडतो तो मागचा जास्त दात्यांचा हलका गिअर, आणि पहिल्या चढावर हात राखून चालवण्याची तयारी. या दोन गोष्टी जमल्या तर घाटात तयार झालेले पाय इथे दिवसभर टिकतात, याची मला खात्री आहे. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

रस्ते असे का आहेत

आपले घाटरस्ते बैलगाड्या आणि पुढे मोटारी वर जाव्यात म्हणून आखून काढलेले आहेत. चढ ठरावीक मर्यादेत ठेवायचा म्हणून डोंगराला वळसे घातले. इथे वर तीनशे-चारशे मीटर उंचीचं सपाट पठार आहे, हेदरच्या झुडपांनी भरलेलं, झाडं जवळजवळ नाहीतच. या पठारात नद्या-ओढ्यांनी खोल दऱ्या कापल्या आहेत : फार्नडेल, रोझडेल, वेस्टरडेल, ग्लेझडेल. वस्ती दऱ्यांमध्ये. दरीतल्या शेतावरून वर पठारावर जाणारी जुनी वाट जशी सरळ होती तशीच तिच्यावर डांबर पडलं. त्यामुळे उंची फार नसूनही चढ उभा.

घरून निघण्याआधी ऑर्डनन्स सर्व्हे या इथल्या सरकारी नकाशा संस्थेचा नकाशा उघडून बसा. या भागाचे एक्सप्लोरर मालिकेतले दोन नकाशे आहेत, पश्चिमेसाठी ओएल २६ आणि पूर्वेसाठी ओएल २७. रस्त्यावर छोटे बाण दिसतील. एक बाण म्हणजे १४ ते २० टक्के, जोडबाण म्हणजे २० टक्क्यांच्या वर. बाणाचं टोक उताराकडे असतं. रूटवर जोडबाण किती आणि ते दिवसाच्या कुठल्या तासाला येतात, हे मोजलंत की अर्धी तयारी झाली. किलोमीटर आणि एकूण चढाई या दोन आकड्यांवरून इथे काहीच कळत नाही. हजार मीटर चढाई पाच टक्क्यांत वाटून आली तर तो एक दिवस, वीस टक्क्यांत आली तर वेगळाच दिवस.

रूट

मी नवीन माणसाला नेते तो फेरा हटन-ल-होल या गावापासून सुरू होतो. नावांतल्या 'बँक'चा अर्थ इथे उभा चढ. गिलामूरवरून फार्नडेलमध्ये उतरायचं, चर्च हाउसेसहून ब्लेकी बँक चढून पठारावर, उत्तरेला यंग राल्फ क्रॉस या दगडी क्रूसापर्यंत, मग लांब उताराने कॅसलटन. तिथून एस्क नदीच्या खोऱ्याने डॅनबी, लीलहोम, ग्लेझडेल. लिंबर हिल चढून एगटन ब्रिज. एगटनच्या उंच माळावरून रोझडेल अॅबी. आणि शेवटी चिमनी बँक चढून परत हटन-ल-होल. सत्तर किलोमीटरच्या आसपास भरतो आणि चढाई हजार मीटरच्या बरीच वर जाते. थांबे धरून सहा ते सात तास मोकळे ठेवा. जूनमध्ये इथे रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे घाई करायचं कारण नाही. हेदर फुलतं ते ऑगस्टमध्ये. तेव्हा अख्खं पठार जांभळं होतं आणि तो महिना मला सगळ्यात आवडतो, फक्त त्या दिवसांत गाड्यांची वर्दळ जास्त असते.

गिअर आधी बदला, मग या

हा मुद्दा मी सोडणार नाही. हिशोबच मांडते. तुमचं आणि सायकलचं मिळून वजन ऐंशी किलो धरा. पंचवीस टक्के चढावर ताशी पाच किलोमीटरने जायला साधारण २७० वॉट लागतात. पाच म्हणजे चालण्याचा वेग, त्याहून कमी झाला तर तोल सांभाळणं अवघड. आता पुढे ३४ दाते आणि मागे २८, जे आपल्याकडच्या बऱ्याच रोडबाइकवर येतात, त्यावर या वेगाला पायाची गती मिनिटाला ३३ फेरे पडते. म्हणजे प्रत्येक फेऱ्याला जवळजवळ जिना चढल्यासारखा पूर्ण भार गुडघ्यावर. मागे सगळ्यात मोठी चकती ३४ दात्यांची असलेली कॅसेट लावली तर तीच गती ४० होते. त्याबरोबर पुढे ४६/३०चा क्रँक, म्हणजे लहान चकती ३० दात्यांची, असेल तर ४५. बारा फेऱ्यांचा फरक कागदावर किरकोळ दिसतो, पण सहाव्या तासाला, चौथ्या चढावर, चालत जाणं आणि चालवत जाणं यातला फरक तेवढाच आहे.

मागे ३४ बसवताना डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग, लाँग केजचा (लांब दांड्याचा) आहे का आणि चेनची लांबी पुरते का, हे दुकानदाराकडून तपासून घ्या. टायर २८ मिलिमीटरचे आणि हवा थोडी कमी, म्हणजे ओल्या उभ्या रस्त्यावर मागचं चाक घसरत नाही. बूट माउंटन बाइकचे, खोल बसलेल्या क्लीटचे (पेडलमध्ये अडकणाऱ्या तळव्याखालच्या पट्टीचे) घाला. कुठेतरी उतरून चालावं लागलं तर रोडबाइकचे क्लीट तेहतीस टक्क्यांच्या डांबरावर काचेवर चालल्यासारखे घसरतात. हलका गिअर लावणं किंवा उतरून चालणं यात कमीपणा मानणाऱ्यांचं माझ्याशी पटत नाही. आमच्या गटात सत्तरी ओलांडलेल्या एक बाई आहेत, त्या पुढे-मागे सारख्या दात्यांचा गिअर लावून सगळे चढ बसल्याबसल्या चढतात आणि वर पोचून फ्लास्कमधला चहा ओतेपर्यंत आमच्यातले तरुण पोरगे खाली धापा टाकत असतात.

सराव

महाराष्ट्रात असाल तर पसरणी किंवा कात्रज पुन्हा पुन्हा करण्यापेक्षा सिंहगडाच्या रस्त्याचे उभे तुकडे निवडा. एक तुकडा, तीन ते सहा मिनिटं, बसूनच, जड गिअरवर मिनिटाला पन्नास फेऱ्यांच्या आसपास. मग खाली येऊन पूर्ण विसावा, आणि पुन्हा. असे पाच. आठवड्यातून दोन दिवस, सहा-आठ आठवडे. गुडघा दुखायला लागला तर लगेच थांबा. यॉर्कमध्ये राहणाऱ्यांची अडचण अशी की आजूबाजूला सगळं सपाट आहे. त्यांनी हॉवर्डियन टेकड्यांमध्ये जावं, आणि पाय तयार झाल्यावर किलबर्नजवळचा व्हाइट हॉर्स बँक करून पाहावा. सटन बँकच्या वाटेला जाऊ नका. तो मोठ्या रहदारीचा रस्ता आहे आणि इतका उभा की तिथे कॅराव्हॅनला बंदी आहे.

हवा आणि खाणं

पठारावर आडोसा नाही. खाली दरीत ऊन लागत असतं आणि वर पोचल्यावर वारा थेट छातीवर येतो. वारा बहुतेक वेळा पश्चिमेचा किंवा नैऋत्येचा. पूर्वेचा वारा सुटला तर नॉर्थ सीवरून धुकं आत सरकतं, स्थानिक लोक त्याला सी फ्रेट म्हणतात. यॉर्कमध्ये लख्ख ऊन असतानाही पठाराची पूर्वेकडची बाजू धुक्यात बुडालेली असू शकते. अशा दिवशी मागचा लाल दिवा चालू ठेवा आणि धुकं दाट असेल तर सरळ बेत बदला, कारण या रस्त्यांना कुंपण नाही आणि मेंढ्या रस्त्यावर बसलेल्या असतात.

कपड्यांबाबत एवढंच सांगते : चढताना घाम येतो आणि पाच मिनिटांत तोच घाम उतारावर गार पडतो. खिशात मावेल असं विंडचीटर जुलैमध्येसुद्धा बरोबर हवं आणि ते वर पोचल्यावर, उतार सुरू होण्याआधी, घालायचं. बोटं झाकणारे पातळ हातमोजे ठेवा. बोटं गारठली की ब्रेक नीट दाबला जात नाही.

खाण्याची सोय गावांत आहे, पण भरवशाची नाही. टी-रूम दुपारी लवकर बंद होतात, काही आठवड्याच्या सुरुवातीला उघडतच नाहीत. पठारावर ब्लेकी रिजवर लायन इन हे पब आहे, सोळाव्या शतकातलं, आणि तिथे गरम जेवण मिळतं. पण जेवून लगेच चढ नको. मी घरूनच घेऊन निघते : गुळाच्या पोळीचे चतकोर तुकडे, शेंगदाण्याची चिक्की, खजूर, आणि एका डबीत तिखट-मिठाच्या पुऱ्या, कारण दुपारनंतर गोड नकोसं होतं. दर पाऊण तासाला काहीतरी तोंडात जायला हवं, भूक लागो न लागो. गार हवेत तहान कळत नाही, म्हणून खाताना दोन घोट पाणीही ठरवूनच प्यायचं. चढाच्या पायथ्याशी मात्र खाऊ नका. वर पोचल्यावर, सपाटीवर खा.

ब्लेकी बँक : इथे हात राखा

चर्च हाउसेसहून निघालात की चढ लगेच अंगावर येतो. पाय ताजे असतात, हवा छान असते, आणि सगळेजण इथेच जोर लावतात. लावू नका. माझा नियम असा की या चढावर शेजारच्याशी चार-पाच शब्दांचं वाक्य बोलता आलं पाहिजे. एकेक शब्द तोडून बोलावा लागत असेल तर वेग कमी करा, अगदी कमी.

उभ्या चढाचं तंत्र इथेच बसवून घ्या. सगळ्यात हलका गिअर चढ सुरू होण्याआधी टाका. भार असताना गिअर बदलला तर चेन कुरकुरते आणि कधी उतरते. खोगिराच्या पुढच्या टोकाकडे सरका, कोपरं वाकवा, छाती हँडलकडे आणा. मागे बसून राहिलात तर पुढचं चाक उचललं जातं. उभं राहिलात तर पुढचं चाक खाली राहतं, पण ओल्या रस्त्यावर मागचं चाक सुटतं. म्हणून पुढे सरकून बसणं हाच मधला मार्ग. हँडल आवळून धरू नका. खांदे सैल सोडा. नजर दहा-बारा पावलांवर, माथ्यावर नको.

मध्येच थांबावं लागलं, गाडी आली किंवा मेंढी आडवी आली, तर पुन्हा निघणं हे खरं कसब. सायकल रस्त्याला आडवी करा, दोन्ही बाजू पाहा, एक पाय क्लीटमध्ये, त्या पायाचं पेडल वर. ब्रेक सोडून आडव्या दिशेने एक जोराचा फेरा मारा, आणि मग चढाकडे वळवा. सरळ वर तोंड करून निघायचा प्रयत्न केलात तर दुसरा पाय पेडलवर पोचण्याआधी सायकल थांबते.

वर ब्लेकी रिजवर आलात की उत्तरेकडे लायन इनवरून पुढे यंग राल्फ क्रॉस लागतो. हा दगडी क्रूस या राष्ट्रीय उद्यानाचं चिन्ह आहे. उद्यान १९५२ साली जाहीर झालं. तिथून जवळच, पूर्वेकडे फुटणाऱ्या रस्त्याने थोडं पुढे गेलं की फॅट बेट्टी आहे. बुटका जाड दगड, अंगाला पांढरा रंग, वर गोल डोकं. येणाऱ्या-जाणाऱ्याने तिच्यापाशी काहीतरी खाऊ ठेवायचा आणि आधीच्याने ठेवलेल्यातलं काही घ्यायचं, अशी इथली पद्धत आहे. दगडाच्या खोबणीत बिस्किटाचा पुडा, टॉफी, सफरचंद असं काहीबाही असतं. मी चिक्कीची वडी ठेवते, कागदात गुंडाळलेली, पावसाने भिजू नये म्हणून. पंढरीच्या वाटेवर अनोळखी माणूस हातावर लाडू ठेवतो, त्या परंपरेत वाढलेल्या माणसाला इथे परकं वाटायचं काही कारणच उरत नाही. थांबा, ठेवा, घ्या. दहा मिनिटं जातात, पायांनाही विसावा मिळतो.

उतार

कॅसलटनकडचा उतार लांब, मोकळा, समोरचं दिसणारा. सराव नसलेल्यांनी ब्रेक शिकायला तो चांगला आहे. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून, तेवढी सोय. हात ड्रॉपवर, म्हणजे हँडलच्या खालच्या वाकड्या भागावर, ब्रेक सतत घासत न ठेवता वळणाआधी दाबून सोडायचा. रिम ब्रेक असतील तर उभ्या उतारावर रिम तापते, मध्ये थांबून हात न लावता गार होऊ द्या.

वाटेत कॅटल ग्रिड लागतात, म्हणजे रस्त्यात आडवे बसवलेले लोखंडी नळ. मेंढ्या पलीकडे जाऊ नयेत म्हणून. त्यावरून सरळ जायचं, चाक काटकोनात, पेडल मारायचं नाही, ब्रेक लावायचा नाही, हँडल वळवायचं नाही. वेग आधीच कमी करून घ्या. पाऊस पडून गेला असेल तर हे नळ साबणासारखे होतात. मेंढ्यांबाबत एक लक्षात ठेवा : रस्त्याच्या एका बाजूला मेंढी आणि दुसऱ्या बाजूला कोकरू दिसलं की तुम्ही जवळ येताच कोकरू आईकडे पळणार, तुमच्या समोरून.

एस्कचं खोरं

डॅनबी ते ग्लेझडेल हा भाग नकाशावर सोपा दिसतो. छोटे छोटे चढउतार आहेत आणि ते पाय खातात. इथे वेग वाढवून वेळ भरून काढायचा मोह आवरा. या खोऱ्याची एक मोठी सोय आहे. मिडल्सबरो ते व्हिटबी ही रेल्वे इथूनच जाते आणि कॅसलटन मूर, डॅनबी, लीलहोम, ग्लेझडेल, एगटन अशी स्टेशनं वाटेत आहेत. गाड्या दिवसाला मोजक्याच, म्हणून वेळापत्रक निघण्याआधी कागदावर उतरवून घ्या, दऱ्यांमध्ये मोबाइलला रेंज नसते. ग्लेझडेलला पोचून जर पाय थरथरत असतील तर गाडी पकडा. पुढचे तीन चढ याहून कठीण आहेत.

ग्लेझडेल स्टेशनजवळ बेगर्स ब्रिज आहे, १६१९ सालचा एका कमानीचा दगडी पूल. तो पाहायला थांबा, कारण पलीकडे लगेच लिंबर हिल सुरू होते. लांबी फार नाही, पण सुरुवातीपासूनच उभी आणि सावलीत. पावसानंतर रस्त्यावर पानं आणि चिखल असतो. इथे बसून चढा, रस्त्याच्या कोरड्या पट्ट्यावर चाक ठेवा. मग एगटन ब्रिजपर्यंत उतार, आणि तिथून माळावर जाणारा लांबलचक चढ. हा चढ मला घाटासारखा वाटतो. पहिला उभा भाग संपला की लय सापडते आणि वर पोचेपर्यंत टिकते. माथ्यावरून रोझडेल अॅबीकडे उतरताना शेवटी रस्ता अचानक तीव्र होतो, तेव्हा गाव दिसलं म्हणून ब्रेक सोडू नका.

चिमनी बँक

गावात थांबून पाणी भरा, पुरी खा, आणि पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या. पायथ्याशी तेहतीस टक्क्यांची पाटी आहे. उतरणाऱ्या सायकलस्वारांना पायउतार व्हा असं सांगणारी पाटी वर आहे, त्यावरून अंदाज घ्या.

चढ जवळपास दीड किलोमीटरचा, सरासरी तेरा टक्के. घरं मागे पडेपर्यंत रस्ता सरळ असतो आणि पुढचं सगळं दिसतं, त्यामुळे मनाने आधीच हरायला होतं. नजर खाली ठेवा. मध्यावर दुहेरी वळण आहे आणि सगळ्यात उभा तुकडा तोच. वळणाच्या आतल्या बाजूला चढ जास्त, बाहेरच्या बाजूला कमी. उजवं वळण घेताना आपण आपोआप बाहेरून जातो. डावं वळण मात्र आतून पडतं. वरून गाडी येत नाही याची खात्री असेल तरच थोडं रुंद घ्या. या तीस-चाळीस मीटरांत उभं राहायला हरकत नाही, एवढ्यासाठीच दिवसभर बसून चढलो. वळण संपलं की पुन्हा बसा. लोक इथे हरतात ते वळणावर नाही, त्याच्या वरच्या सरळ पट्ट्यात, कारण वळण झालं म्हणजे चढ झाला असं वाटतं. अजून बराच बाकी असतो. तिथे वीस-वीस फेरे मोजा.

या चढाला नाव मिळालं ते लोखंडाच्या खाणीच्या धुराड्यावरून. १८५६ पासून इथे लोहखनिज निघायचं, १८६१ला पठारावर रेल्वे आली, १९२९ला ती बंद पडली. धुराडं १९७२ साली पाडलं, पण खनिज भाजायच्या भट्ट्यांच्या कमानी माथ्याजवळ अजून उभ्या आहेत. मजूर ज्या रस्त्याने रोज वर-खाली जात तोच हा चढ, हे चढताना माझ्या मनात हटकून येतं.

पायात काही उरलं नसेल तर रोझडेल अॅबीहून दरीच्या बाजूने क्रॉप्टनकडे जाणारा रस्ता धरा. लांब पडतो, पण चिमनी बँक टळते आणि खालून हटन-ल-होलला परत येता येतं.

माथ्यावरून स्पॉन्टन मूर ओलांडत हटन-ल-होलपर्यंत बहुतेक उतारच आहे. विंडचीटर घाला, संध्याकाळी डांबर उबदार असतं म्हणून मेंढ्या रस्त्यावरच पसरतात, तेव्हा वेग आटोक्यात ठेवा. सायकल गाडीत चढवण्याआधी ब्रेकपॅड बघून घ्या. ओल्या दिवशी हा एक फेरा रिम ब्रेकच्या पॅडचा मोठा भाग खातो, आणि खाचा बुजल्या असतील तर पुढच्या राइडआधी जोडी बदलूनच निघा.